कानातली बोली

थेस्सालोनिकी
९ फेब्रुवारी

प्रिय अर्गिरो मावशी,

फोनवर तू "बरं आहे" म्हणतेस आणि मग आपण दोघी गप्प बसतो. आई म्हणाली, तिला पत्र लिही, नोंदणी कचेरीत आयुष्य गेलेल्या बाईला कागदावरच नीट उत्तर देता येतं. म्हणून लिहितेय. रागावू नकोस.

काका गेले त्याच्या चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये तुझ्याशी बोलता आलं नाही. कोलिव्याच्या पुड्या वाटताना तू मला दर वेळी एकच विचारत होतीस, "जेवलीस का?" आणि मी दर वेळी हो म्हणत होते. मला कामाचं बोलायचं होतं, पण उकडलेल्या गव्हाची पुडी हातात धरून कामाचं कसं बोलणार?

तुला माझं काम ठाऊक आहे, तरी लिहून सांगते, कारण तुझी लेखी परवानगी हवी आहे. आम्ही काही जण निरनिराळ्या धंद्यांतले लिलाव अभ्यासतो. रस्त्यांची कंत्राटं, सरकारी जंगलातलं लाकूड, हॉलंडची फुलं, मोबाईल कंपन्यांना विकतात त्या लहरी. प्रश्न सगळीकडे एकच: बोली उघड लावली तर माल जास्त भावाने जातो, की लपवून लावली तर? माझ्या वाट्याला मासळी आली, कारण पहिल्याच बैठकीत मी बोलून गेले की माझे काका कानात बोली घेतात. हॉलंडचा प्राध्यापक म्हणाला, "कानात म्हणजे? खरोखर कानात?" खरोखर, म्हटलं. घेणारे एकेक करून अडत्याकडे येतात, त्याच्या कानाशी तोंड नेऊन भाव सांगतात, आणि ज्याचा भाव सर्वात वर त्याला तो माल देतो. दुसऱ्याने काय सांगितलं ते कुणालाच कळत नाही. "म्हणजे तुझे काका हाच बंद लिफाफा," तो म्हणाला. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "लिफाफ्याला पहाटे पहाटे मिल्तोसच्या तोंडचा लसूण हुंगावा लागत नाही."

गेल्या सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत काकांनी आमच्यासाठी कॉलरच्या दोन्ही बाजूंना छोटे मायक्रोफोन लावले. घेणाऱ्यांनी तेव्हा सह्या करून संमती दिली होती. बंदर समितीने परवानगी देताना एकच अट घातली, अहवालाची प्रत त्यांना द्यायची. आता काका नाहीत, तेव्हा ती ध्वनिमुद्रणं वापरायला घरच्यांची संमती लागते. फॉर्म सोबत आहे. सही नाही केलीस तरी मी तुझीच भाची.

तुझी
इस्मिनी


पालिओ लिमानी
१६ फेब्रुवारी

प्रिय इस्मिनी,

फॉर्म सही करून पाठवत आहे. दोन ठिकाणी तारखेची जागा रिकामी होती, ती भरली.

आमच्या कचेरीत मृत्यूच्या नोंदी मी करते. पांदेलिसची स्ताव्रुलाने केली. तिने व्यवसायाच्या जागी "मासळी व्यापारी" लिहिलं. मी ते खोडून "अडत्या" करायला लावलं. व्यापाऱ्याकडे माल असतो, अडत्याकडे फक्त कान असतो. एवढं सोडलं तर सगळं नीट पार पडलं.

फोतिनी आता गाळ्यावर उभी राहते. औषधांच्या दुकानातली नोकरी सोडून आली. मी नको म्हटलं होतं. ती म्हणाली, "मग कोणाला देणार? लहानपणापासून मी बाबांच्या मागे उभी राहून बघितलंय." या बंदरात बाई अडत्या याआधी झालेली नाही. बोटींच्या कॅप्टन लोकांची हरकत नाही. घेणाऱ्यांचं मात्र गमतीचं चाललं आहे. पहिल्या दिवशी मिल्तोस तिच्या डाव्या बाजूला गेला, तोंड उघडलं, लाल झाला आणि वळसा घालून उजवीकडे आला. त्याच्यानंतर आणखी दोघांनी तसंच केलं. फोतिनी म्हणते, "आई, एवढे मोठे बाप्ये माझ्याभोवती प्रदक्षिणा घालतात." मला वाटतं, बाईच्या कानाशी तोंड न्यायचं म्हणजे त्यांना संकोच होत असेल. मिल्तोसची बायको मला बेकरीत भेटली. म्हणाली, "नवरा हल्ली दाढी करून कामाला जातो. तुझ्या पोरीचे उपकार!"

सप्टेंबरात समितीने गाळा फोतिनीच्या नावावर केला की मला काळजी नाही. तोवर तो पांदेलिसच्याच नावाने चालतो.

मुद्रणं वापर. मला ऐकायला मात्र पाठवू नकोस.

तुझी मावशी
अर्गिरो

आईला सांग, डाव्या गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावायची, बर्फ नाही.


थेस्सालोनिकी
३ मार्च

प्रिय मावशी,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

मुद्रणं उतरवून घ्यायचं काम माझ्या हाताखालच्या विद्यार्थ्याने, यंत्र न्यायला तुमच्याकडे यायचा त्या मनोलिसने केलं. प्रत्येक विक्रीचा तक्ता: कुणी किती सांगितले, कुठल्या बाजूने, माल कुणाला गेला. तक्ता पुरा झाल्यावर मी बघितला. दर पाच-सहा विक्रींत एकदा काकांनी माल सर्वात वरच्या बोलीला दिलेलाच नाही. खालच्या बोलीला दिला आहे. आणि अशा विक्रींत माल बहुतेक वेळा एकाच माणसाला गेला आहे. लाझारोसला.

उदाहरण देते. कॅप्टन स्तामातिसच्या बोटीची तारली. मिल्तोसची बोली पेटीला एकेचाळीस युरो, लाझारोसची अठ्ठावीस. काकांनी पुकारलं, "लाझारोस." आणि पुढच्या पेट्यांकडे वळले. आवाजात काही फरक नाही. मनोलिसने त्या विक्रीतले नुसते आकड्यांचे तुकडे काढून दिले, ते मी स्वतः ऐकले. आकडे स्पष्ट आहेत.

रस्त्याच्या कंत्राटात असं दिसलं असतं तर मी एका ओळीत निकाल लावला असता. त्याला आमच्यात एक शब्द आहे. तो मी इथे लिहीत नाही. पण अहवालात मला काहीतरी लिहावं लागेल, आणि समितीवर जे बसलेत त्यांना तो शब्द सुचायला माझी मदत लागणार नाही. मग गाळा फोतिनीला मिळेल असं मला वाटत नाही.

म्हणून तुला आधी विचारते. काकांचं आणि लाझारोसचं काही होतं का? काही जुनं, घरगुती, मला ठाऊक नसलेलं? माझ्यावर ओरड, पण सांग.

तुझी
इस्मिनी


पालिओ लिमानी
७ मार्च

प्रिय इस्मिनी,

तुझं पत्र मिळालं. पांदेलिसने कुणाकडून कधी काही घेतलं नाही. लाझारोस आमच्या घरी आमच्या लग्नाला आला आणि मयताला आला, मधे कधी नाही.

तुझे आकडे चुकले आहेत.

फोतिनीला यातलं काही कळवू नकोस. वर्ष सुरू झाल्यापासूनची कामं कचेरीत साठली आहेत, त्यामुळे सध्या पत्र लिहायला सवड होणार नाही.

अर्गिरो


थेस्सालोनिकी
११ एप्रिल

प्रिय मावशी,

आकडे मी पुन्हा तपासले, मनोलिसकडूनही तपासून घेतले. चुकलेले नाहीत.

महिना उलटला, तुझा शब्द नाही. आईचाही फोन तू उचलत नाहीस. ती मला म्हणाली, "काय लिहिलंस ग तिला? माझी बहीण रुसत नाही, ती दार लावून घेते." मी आईला काही सांगितलेलं नाही.

दरम्यान समितीचं पत्र आलं. अहवाल जूनअखेर द्या, गाळ्यांचे निर्णय तो वाचूनच होतील. म्हणजे मासळीचं प्रकरण मी गाळून टाकलं तरी सुटका नाही. उलट का गाळलं ते विचारतील.

तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावला आहे, आणि त्यामुळे काका माझ्या मनातून उतरलेले नाहीत हे तुला सांगायचं आहे. माणसाला कधीकधी अडचण असते. त्यांनी लाझारोसकडून काही घेतलं असेल तर कारणाशिवाय घेतलं नसेल. फोतिनीचं शिक्षण असेल, तुझं ऑपरेशन असेल. मी तुला दोष देत नाही.

एक करता येईल. ज्या विक्री खटकतात त्या तक्त्यातून काढून टाकायच्या. आवाज अस्पष्ट होता असं लिहायचं. कानात कुजबुजलेलं ते, कोण पडताळणार? मी असं आजवर कधी केलेलं नाही. तू हो म्हटलंस तर करीन.

तुझी
इस्मिनी


पालिओ लिमानी
५ मे

प्रिय इस्मिनी,

ईस्टर झाला. फोतिनीने लाल अंडी रंगवली, मी सणाचं नेहमीचं मटणाचं सूप केलं. दोघींना ते फार झालं.

तुझ्या शेवटच्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. मग वाटलं, तू लावलेला अर्थ चुकीचा आहे, आणि तो तसाच पडू दिला तर काही वर्षांनी तू तोच खरा धरशील. म्हणून लिहिते.

तक्त्यातून काही काढू नकोस. झालेली गोष्ट नोंदीतून काढायची नसते. माझ्या ऑपरेशनचे पैसे विम्याने दिले.

तीन हिवाळ्यांपूर्वी पांदेलिसला जोराचा ताप आला आणि त्यात त्याचा डावा कान गेला. शहरातल्या डॉक्टरने यंत्र लावून बघितलं आणि म्हणाला, या बाजूला आता काही उरलेलं नाही, वाट बघू नका. येताना गाडीत पांदेलिसने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "कान गेलेला अडत्या म्हणजे काय ग?"

मी म्हटलं, "एक आहे की."

"एका कानाचा अडत्या म्हणजे अर्ध्या बाजाराचा अडत्या."

"मग सांगून टाक त्यांना. म्हणावं, सगळ्यांनी उजवीकडे या."

"आणि उद्या कोणी म्हणालं की याला उजव्यानेही धड ऐकू येत नाही, तर? मी कसं दाखवून देणार?"

त्यानंतर आम्ही हा विषय काढला नाही. जेवताना मी त्याच्या उजव्या बाजूला बसू लागले. फोतिनीला वाटलं, खिडकीतून वारा येतो म्हणून. एकदा मात्र मी विचारलं, "डावीकडून येतात त्यांचं काय करतोस?" तो म्हणाला, "ओठ वाचतो." ज्याचे ओठ आपल्या कानाला लागलेत त्याचे ओठ दिसत नाहीत. त्याला ते ठाऊक होतं आणि मलाही. मी पुढे विचारलं नाही.

तेव्हा त्याने लाझारोसला काही झुकतं माप दिलेलं नाही. जे ऐकू आलं त्यातल्या सर्वात वरच्याला माल दिला. लाझारोसचं गुडघ्याचं दुखणं जुनं आहे, तो आला तसा जवळच्या बाजूने, उजवीकडून, सांगून जातो.

आता तुझ्या अहवालाचं. पांदेलिसला ऐकू येत नव्हतं असं लिहिलंस तर समिती म्हणेल, तीन वर्षं या माणसाने लपवलं आणि बोटींचं नुकसान केलं, त्याच्या घरात गाळा कशाला ठेवायचा? ते लिहिलं नाहीस तर तो लाच घेणारा ठरतो. यातलं कोणतं बरं ते मला ठरवता येत नाही. दोन महिने तेच बघते आहे.

तुझी मावशी
अर्गिरो


थेस्सालोनिकी
२० मे

मावशी,

एप्रिलच्या पत्रात मी जे लिहिलं ते माफीच्या लायकीचं नाही, तरी माफी मागते. ऑपरेशनचं तर मी बोलायलाच नको होतं.

आता पुढचं नीट वाच, मधे थांबू नकोस.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी तक्ता डावा आणि उजवा असा वेगळा केला. बाजूची नोंद मनोलिसने पहिल्यापासून ठेवली होती, मला तिचा काही उपयोग वाटला नव्हता. नुसत्या उजवीकडच्या बोल्या घेतल्या तर चार महिन्यांत एकही विक्री चुकीची नाही. एकही. दर वेळी उजवीकडच्या सर्वात वरच्या बोलीला माल. आणि डाव्या बाजूची बोली कधीच, एकदाही, जिंकलेली नाही.

इथे मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. असं बघ, तू मासळी घेणारी आहेस. रोज डावीकडे जाऊन चांगला भाव सांगतेस आणि रोज माल दुसऱ्याला जातो. तू काय करशील? चार दिवसांनी भांडशील, नाहीतर बाजू बदलशील. यांनी दोन्ही केलं नाही. तीच माणसं एका पेटीसाठी उजवीकडे जात होती, दुसरीसाठी डावीकडे. डावीकडचे आकडेही विचित्र. शंभराच्या वरचे आकडे मनोलिसने आपणच चुकीचं ऐकलं असं समजून गाळले होते. मी म्हटलं, दाखव बरं. बांगड्याच्या पेटीला चारशे!

मग मी ते केलं जे फेब्रुवारीतच करायला हवं होतं. आकडे सोडून आजूबाजूचं ऐकलं. मनोलिस क्रीटचा. तुमच्याकडचे लोक कानात बोलताना आजीच्या भाषेत, पोंतिकमध्ये बोलतात. त्यातले त्याला फक्त आकडे कळत होते, आणि तक्त्यात जागाही फक्त आकड्यालाच होती. मला ती भाषा अजून येते. मावशी, डावीकडे जे चाललं होतं ते असं:

"पांदेली, एकेचाळीस. माझ्या बुटाचा नंबर एकेचाळीस. काल बायकोने दोन्ही बूट फेकून मारले."

"चारशे. आणि वर माझी सासू फुकट. आजच घेऊन जा."

"तीस. तीस माणसं बसली होती काल कॉफीहाउसात, आणि एकानेही कॉफी पाजली नाही, मेले."

यातली एकही बोली नाही. ज्याला माल हवा असतो तो उजवीकडे जातो. ज्याची खरेदी झाली आहे तोही जातो, कारण कॅप्टन आपल्या पेट्यांजवळ उभा राहून बघत असतो, आणि त्याच्या मालासाठी कानाशी चारच माणसं गेली तर बोटीचा अपमान. म्हणून नुसतं जाऊन यायचं. ते जाऊन येणं सगळं डावीकडे. मावशी, त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना. फोतिनीभोवती प्रदक्षिणा का घालतात ते आता तुझ्या लक्षात येईल. संकोच वगैरे काही नाही. सवयीने डावीकडे जातात, बोलायला तोंड उघडतात, आणि आठवतं की या पोरीला ऐकू येतं.

मी दोन दिवस हसत होते. मग पुढची मुद्रणं ऐकली आणि हसू थांबलं.

सगळेच विनोद करत नव्हते. ज्या कानाला ऐकू येत नाही त्यात माणसं काय काय सांगतात! एकाने आपल्या छातीत दुखतं ते सांगितलं, घरी सांगितलेलं नाही म्हणाला. एक रोज फक्त मेलेल्या आईचं नाव घेतो आणि जातो. मिल्तोस, तुझा तो लसूणवाला, महिनाभर एकच बोलतो: "पोरगा श्टुटगार्टला असतो. फोन उचलत नाही. मी त्याला नको ते बोललो, पांदेली. माझीच चूक होती." आणि मग दोन पावलं मागे येऊन मोठ्याने लाझारोसला चिडवतो, "काय रे लंगड्या, आज पण सगळं तुलाच?" मायक्रोफोन आहेत हे ते पहिल्या आठवड्यातच विसरले होते.

त्यानंतर मी ऐकणं थांबवलं. ते मी ऐकायचं नव्हतं.

आता प्रश्न असा आहे. काका निर्दोष आहेत हे मी दाखवू शकते. त्यासाठी दोन गोष्टी लिहाव्या लागतील: डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, आणि घेणाऱ्यांना ते माहीत असल्यामुळे डावीकडचं बोलणं बोली म्हणून धरलंच जात नव्हतं. म्हणजे बोटींचं नुकसानही नाही. पण समिती पुरावा मागणार. पुरावा म्हणजे मुद्रणं. ती दिली तर मिल्तोस आणि बाकीचे सगळे समितीच्या टेबलावर येतील. न देता चालायचं असेल तर कॅप्टन आणि घेणाऱ्यांनी लिहून द्यावं लागेल की डावीकडची बोली धरायची नाही असा गाळ्यावर रिवाज होता. ते मागायला मी येऊ शकत नाही. मला ते विचारतील, तुला कसं कळलं?

आणि काकांच्या कानाचं छापायचं की नाही, हे तूच सांगायचं. तू नको म्हणालीस तर मी दुसरा मार्ग शोधीन. आत्ता सुचलेला नाही.

तुझी
इस्मिनी


पालिओ लिमानी
२ जून

प्रिय इस्मिनी,

तुझं पत्र मी कचेरीत वाचलं. स्ताव्रुलाने विचारलं, "काही वाईट?" मी म्हटलं, नाही.

शनिवारी कॅप्टन स्तामातिसकडे गेले. तो धक्क्यावर जाळं शिवत बसला होता. मी म्हटलं, "कॅप्टन, पांदेलिसला डाव्या कानाने..."

"बस, अर्गिरो," तो म्हणाला. त्याने मला बसायला पेटी उलटी करून दिली. "ते मला कधीचं ठाऊक आहे. तुला आमच्याआधी कळलं की आमच्यानंतर, एवढंच ठाऊक नाही."

मी विचारलं, कधीपासून.

"पहिल्या आठवड्यापासून. माझी माकुळं होती. मिल्तोसने डावीकडून झकास भाव सांगितला. मला बोटांनी दाखवलाही होता आधी. आणि तुझ्या नवऱ्याने माल दिला दुसऱ्याला. मिल्तोस तापला. त्याच्या अंगावरच जायला निघाला होता. मग काय बघितलं कोण जाणे, गप्प झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा डावीकडे गेला आणि म्हणाला, 'पांदेली, तुझ्या टोपीला आग लागलीय.' पांदेलिसने काय केलं? मान डोलावली. बोली घेतल्यावर डोलावतो तशी. अगदी गंभीर." कॅप्टन हसला. "त्या दिवसापासून खरं बोलायचं असेल तर उजवीकडे."

"माकुळांत तुझं नुकसान झालं."

"झालं थोडं."

"मग बोलला का नाहीस?"

"त्या हॉलात उभं राहून? मोठ्याने?" असं म्हणून तो पुन्हा जाळं शिवायला लागला.

त्याने सही केली. बाकीच्या कॅप्टनांच्या त्यानेच मिळवून दिल्या. घेणाऱ्यांकडे मी स्वतः गेले. तू लिहून दिलंस तेवढंच वाक्य पुढे केलं, डावीकडची बोली धरली जात नव्हती. मुद्रणांचं नाव काढलं नाही. लाझारोसने सर्वात आधी सही केली. म्हणाला, "मला वाटायचं, आम्हाला माहीत आहे हे तुम्हाला माहीत आहे." मिल्तोसने कागद दोनदा वाचला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "त्याला कळलं होतं का, की आम्ही तिकडे नुसतेच काहीबाही बोलतो?" मी म्हटलं, "त्याला ऐकू येत नव्हतं, मिल्तोस." तो म्हणाला, "हो. तेच." आणि सही केली.

फोतिनीला मी सांगितलं. ती आधी खूप हसली. मग न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून आत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "उद्या सांगते त्यांना, डावीकडे या म्हणून. मी ऐकणार नाही." मी म्हटलं, "तसं सांगून होत नसतं."

आता जे लिहिते ते अहवालासाठी नाही. वाचून झाल्यावर हे पान ठेवू नकोस.

आवाज टिपायचं ते यंत्र मनोलिस दर शनिवारी घेऊन जायचा. तोवर ते घरी असायचं. दुपारी झोपून उठल्यावर पांदेलिस ते टेबलावर घ्यायचा, तारेचं एक टोक उजव्या कानात घालायचा, दुसरं तसंच लोंबत असायचं. मला वाटायचं, तुझ्या कामासाठी तपासून बघतो आहे. तो तुझ्या कामाबद्दल फार काटेकोर होता. कधी एकटाच हसायचा. कधी नुसता बसून राहायचा, कॉफी गार व्हायची. मी विचारलं नाही. आम्ही एकमेकांना फारसं विचारत नव्हतो.

नोव्हेंबरात त्याने खारवलेल्या तारलीचा एक डबा भरला, नीट कापडात शिवला, आणि मला म्हणाला, "यावर पत्ता तू लिही, परदेशी अक्षरं मला नीट येत नाहीत." पत्ता श्टुटगार्टचा होता. मी विचारलं, "कुणाला?" म्हणाला, "मिल्तोसच्या मुलाला. लहान असताना गाळ्यावर येऊन खायचा." मला वाटलं, मिल्तोसनेच पाठवायला सांगितलं असेल. डब्यात वर एक चिठ्ठी होती. ती मी वाचली नाही.

मुलगा नाताळच्या आधी आला. मयतालाही होता, तू त्याला बघितलं असशील, उंच, राखाडी कोटातला. मिल्तोस अजून हॉलात ज्याला त्याला सांगतो, "स्वतःहून आला. कुणी बोलावलं नाही, काही नाही. दार वाजवलं आणि म्हणाला, बाबा."

तेव्हा अहवालात लिही. अडत्याचं नाव पूर्ण लिही, पांदेलिस कारामिखास. त्याला डाव्या कानाने काहीही ऐकू येत नव्हतं, असं स्पष्ट लिही. त्यापुढे काही लिहू नकोस.

तुझी मावशी
अर्गिरो